तांप्लिये शर्यतीची तयारी: चुनखडकाच्या पठारांवर पाय राखून धावणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका धावपटूने सह्याद्रीतील ५० किलोमीटरची डोंगरी शर्यत आठ तासांत पूर्ण केली आहे आणि येत्या ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण फ्रान्समधील मियो या गावी होणाऱ्या तांप्लिये महोत्सवाची मुख्य शर्यत धावणार आहेत. अंतर सुमारे ८० किलोमीटर, एकूण चढाई साधारण ३,५०० मीटर. त्यांचा विचार असा की, तेथील पठारे जेमतेम ८००-९०० मीटर उंचीची, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याहूनही खालची आहेत आणि मध्ये सपाटी भरपूर आहे; तेव्हा सपाटीवर जोरात धावून वेळ कमवावा आणि चढ निवांत चालत जावेत. हे जमेल का, बारा तासांचे उद्दिष्ट ठेवावे का, बूट कोणते घ्यावेत, पाणी किती बाळगावे आणि पुण्यात राहून सराव कसा करावा, असे त्यांनी विचारले आहे. मी ही शर्यत तीनदा धावलो आहे आणि गेली काही वर्षे इतरांचीही तयारी करून घेतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सपाटीवर वेळ कमवण्याचा बेत कृपया आजच सोडून द्या. या शर्यतीत जे मधूनच बाहेर पडतात किंवा शेवटचे पंधरा किलोमीटर लंगडत काढतात, त्यांतील बहुतेकांचे नुकसान पहिल्या तीन तासांत, अगदी सोप्या वाटेवर झालेले असते. ते कसे होते हे समजण्यासाठी आधी त्या प्रदेशाची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल.

मियोच्या भोवती ज्या पठारांना फ्रेंच लोक ‘कोस’ म्हणतात, ती जुरासिक काळातील चुनखडकाची आणि डोलोमाइटची आहेत. एकेकाळी हे सगळे बहुतांशी सलग होते. तार्न, झोंत आणि दुर्बी या नद्यांनी ते चिरत नेले आणि आज कोस न्वार, कोस मेझां, कोस द सोव्हतेर आणि लार्झाक अशी चार मोठी पठारे, मधल्या चार-पाचशे मीटर खोल घळींनी एकमेकांपासून तुटलेली, उभी आहेत. आपला मार्ग मुख्यतः कोस न्वार आणि लार्झाकवरून जातो. मियोहून कोस न्वारवर चढायचे, पठार ओलांडून झोंत आणि तार्न यांच्या संगमापाशी पेरलो आणि ल रोझिए या जोडगावांकडे उतरायचे, पुन्हा कोस न्वारवर चढायचे, तेथून दुर्बीच्या काठी ला रोक-सांत-मार्गरीत या गावी उतरायचे, समोरच्या लार्झाकवर चढायचे, पुन्हा दुर्बीकडे मासबियोला उतरायचे आणि शेवटी परत कोस न्वारवर, पुंचो दागास्त या मियोच्या डोक्यावरील टोकावर येऊन खाली गावात शिरायचे. मार्गात वर्षागणिक थोडे फेरफार होतात, पण त्याचा सांगाडा हाच राहतो. १९९५ मध्ये ही शर्यत सुरू झाली तेव्हा ती दुर्बीच्या काठच्या नां या गावातून निघत असे. तिचे नाव मध्ययुगात लार्झाकवर ठाणी असलेल्या टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघातील सरदारांवरून पडले आहे.

आता आकड्यांकडे पाहा. वरच्या वर्णनातील मोठे चढ मोजले तर त्यांची बेरीज दोन हजार मीटरच्या आसपास भरते. उरलेली जवळजवळ दीड हजार मीटर चढाई मार्गाच्या चढ-उताराच्या आलेखात नीट दिसतच नाही, कारण ती वीस-वीस, तीस-तीस मीटरच्या तुकड्यांत विखुरलेली आहे. घळीच्या कड्याखालून जाणारी वाट एखादा सुळका वळसा घालून ओलांडते, मग खाली येते, मग पुन्हा दोन पावले दगडावर हात टेकून वर जाते. ज्यांनी कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग एका दमात चालून पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. त्या वाटेवर कोणतीही एक टेकडी मोठी नसते, पण दहावी टेकडी संपते तेव्हा मांड्यांनी सगळ्यांचा हिशोब ठेवलेला असतो.

शर्यत ऑक्टोबरच्या उत्तरार्धात असते आणि पहाटे काळोखातच सुटते. त्या दिवसांत तेथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिले सुमारे दोन तास डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात जातात. दोन हजारांहून अधिक धावपटू एकत्र सुटलेले, हवा गार, पाय ताजे, पहिला चढ संपताच समोर रुंद, बऱ्यापैकी सपाट गाडीवाट, आणि पुढेमागे लाल-पांढऱ्या दिव्यांची लांबच लांब ओळ. या वेळी आपण किती वेगात आहोत हे शरीर सांगत नाही. थंडीमुळे घाम जाणवत नाही, धापही उशिरा लागते. पहिल्या वर्षी मी माझ्या बेतापेक्षा पंचवीस मिनिटे आधी ल रोझिएला पोहोचलो आणि मला त्याचा आनंद झाला. ला रोककडे उतरताना दोन्ही मांड्यांत गोळे आले, आणि पुंचोवरून मियोचा उतार, जो पुढे एका वर्षी मी पंचवीस-तीस मिनिटांत उतरलो, त्याला त्या दिवशी एक तास दहा मिनिटे लागली. कमावलेली पंचवीस मिनिटे मी जवळजवळ दुपटीने परत केली. तेव्हा पहिल्या पठारावर एकच कसोटी लावा: शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात, मध्ये न थांबता बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर लोक पुढे जाऊ द्या. ते पुढे जातात तेव्हा मन खूप अस्वस्थ होते, पण लार्झाकवर त्यांतील बरेच जण पुन्हा भेटतात.

बारा तासांचे उद्दिष्ट वाजवी आहे का? आघाडीचे धावपटू ही शर्यत साधारण साडेसहा-सात तासांत संपवतात. सह्याद्रीत आठ तासांत ५० किलोमीटर करणाऱ्याने पहिल्या खेपेस साडेबारा ते साडेतेरा तास धरावेत असे माझे मत आहे. चढाई आपल्या ओळखीची असेल. तेथील उतार मात्र आपल्याकडच्यापेक्षा वेगळे आहेत.

सह्याद्रीचा बेसाल्ट थरांनी घडलेला आहे, त्यामुळे आपले उतार बहुधा पायऱ्यापायऱ्यांचे असतात. एक कातळटप्पा, मग मुरमाचा घसारा, मग पुन्हा टप्पा. चुनखडक वेगळ्या रीतीने झिजतो. घळीच्या वरच्या अंगाला उभा कडा असतो आणि त्याखाली शेकडो मीटर सुट्या, धारदार कपच्यांचा उतार. वाट त्या कपच्यांवरून लहान लहान वळणे घेत उतरते. ऑक्टोबरात ओक आणि बीचची पाने गळून वाटेवर सुमारे बोटभर जाडीचा थर झालेला असतो. वरून तो गालिचासारखा मऊ दिसतो, पण त्याखाली मुठीएवढे गोल दगड आणि उभ्या कडेची कपची दोन्ही दडलेली असतात, आणि घोटा मुरगळतो तो येथेच. पाऊल पडेल त्या जागेकडे न पाहता तीन-चार पावले पुढे पाहावे, पावले लहान आणि जलद ठेवावीत, टाच रोवून वेग रोखू नये. कोरड्या चुनखडकावर बूट उत्तम पकडतो. तोच खडक ओला झाला, विशेषतः जेथे माणसांच्या पायांनी तो गुळगुळीत झाला आहे, तेथे तो शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा घसरतो.

बुटांविषयी म्हणूनच माझे मत ठाम आहे. आपल्याकडे पावसाळी चिखलासाठी जे खोल दात्यांचे बूट घेतात, ते येथे नकोत. कडक पठारावर ते तळपायाला त्रास देतात आणि ओल्या तांबड्या मातीचे गोळे दात्यांत अडकून राहतात. दाते साधारण चार मिलिमीटरचे, पुढच्या भागाखाली खड्यांपासून वाचवणारा थर, आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा, कारण एवढ्या उतारांत नखे काळी पडतात ती बूट आखूड असल्यामुळेच. नवे बूट घेऊन विमानात बसू नका. किमान दीडशे किलोमीटर चाललेले असावेत.

पुण्यात राहून तयारी चांगली होते. आतकरवाडीहून सिंहगड चढणे म्हणजे सुमारे ६०० मीटर, म्हणजे कोसवरील कोणत्याही एका चढापेक्षा अधिकच. मात्र बहुतेक जण गड चढण्याची वेळ मोजतात आणि उतरताना गप्पा मारत येतात. तुम्ही याच्या उलट करा. चढ शांतपणे चाला आणि उतार धावा. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकसण्याचा प्रयत्न करतो आणि त्यात त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात. एकदा अशी इजा होऊन ती भरून निघाली की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तशाच माराला बराच अधिक टिकतो. म्हणून जुलैपासून दर दहा-बारा दिवसांनी एक उताराचा सराव ठेवा, आधी दोन फेऱ्या, मग तीन, सप्टेंबरच्या अखेरीस चार. शेवटचा कठीण उतार शर्यतीच्या सुमारे तीन आठवडे आधी संपवा. पावसात वाट निसरडी असेल त्या दिवशी वेग कमी ठेवा, पण सराव टाळू नका, ओल्या खडकावरचे पाऊल तेथेच तयार होते.

यासोबत ज्याकडे आपण डोंगरवाले दुर्लक्ष करतो ती गोष्ट म्हणजे सपाटीवर सलग धावणे. सह्याद्रीत सलग धावण्याजोगी वाट फारशी मिळतच नाही. आपण चढतो, उतरतो आणि मध्ये चालून घेतो. कोसवर मात्र थकलेल्या पायांनी पाच-सहा किलोमीटर संथ, सलग धावता आले पाहिजे, कारण तेथे चालणाऱ्याचे तासच्या तास जातात. एखाद्या रविवारी सिंहगडाच्या दोन फेऱ्या करून लगेच खडकवासल्याच्या बाजूला दहा किलोमीटर रस्त्यावर सावकाश धावा. हा सराव कंटाळवाणा आहे, पण या शर्यतीसाठी याहून नेमका दुसरा सराव मला सापडलेला नाही. काठ्यांबाबतचा त्या वर्षीचा नियम नियमावलीत पाहून घ्या आणि सराव काठ्यांविना करा, म्हणजे नियम कोणताही असला तरी अडणार नाही.

पाण्याचा प्रश्न या खडकाशीच जोडलेला आहे. आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी उन्हाळ्यापर्यंत पाणी धरतात, कारण एकसंध बेसाल्टातून पाणी सहजी झिरपत नाही. चुनखडकात पावसाचे पाणी भेगा रुंदावत थेट आत जाते, भूगर्भातील पोकळ्यांतून वाहते आणि शेकडो मीटर खाली घळीच्या तळाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे पठारावर ओढा नाही, झरा नाही. तेथील मेंढपाळांनी खोलगट जागी चिकणमाती दाबून वर दगड बसवले आणि पावसाचे पाणी साठवणारी उथळ तळी बांधली. त्यांना ‘लाव्होन्य’ म्हणतात. ती मेंढ्यांसाठी आहेत, आपण त्यातून पिऊ नये. तेव्हा एका मदतकेंद्रापासून दुसऱ्यापर्यंतचे सगळे पाणी पाठीवर हवे. दीड लिटरची सोय ठेवा, केंद्रावरून निघताना ती भरलेली आहे हे स्वतः पाहा.

मात्र तुम्ही पुण्याच्या सवयीने प्यालात तर दुसऱ्याच संकटात पडाल. आपल्याकडे मे महिन्यात तासाला पाऊण लिटर पाणी लागते. तेथे पहाटे तापमान पाच अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असू शकते आणि दुपारीही हवा आल्हाददायक असते. घाम निम्म्यावर येतो. त्या हवेत घड्याळ लावून तेवढेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते, बोटे सुजतात, मळमळते, आणि ही अवस्था वाढली तर जिवावर बेतू शकते. तहान लागेल तसे प्या. खाणे मात्र घड्याळ लावूनच करा: तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके, पहिल्या तासापासून. खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याच्या वड्या हे सगळे चालते, फक्त ते सरावात पोटाने स्वीकारलेले असावे. केंद्रांवर सूप, पाव, चीज, केळी, संत्री मिळतात. तुम्ही शाकाहारी असाल तर सूप कशाच्या पाण्यात केले आहे ते विचारून घ्या. आणि याच भागातील रोकफोर चीज मेंढीच्या दुधाचे असले तरी ते विरजण्यासाठी जनावराच्या जठरातील रेनेट वापरतात, हेही आधी माहीत असलेले बरे.

वेदनाशामक गोळ्यांविषयी येथेच सांगतो, कारण आपल्याकडील धावपटू त्या सर्रास खिशात ठेवतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची कोणतीही गोळी शर्यतीत घेऊ नका. लांब पल्ल्यात शरीर कोरडे पडलेले असते, स्नायूंचे तुकडे रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो, आणि ही औषधे नेमका मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. ल रोझिएहून वर चढताना झोंतच्या घळीवर मोठी ग्रिफन गिधाडे घिरट्या घालताना दिसतील. कधी कधी ती वाटेच्या खालच्या पातळीवर तरंगतात आणि त्यांच्या पाठीवरचा पिंगट रंग दिसतो. ती तेथून १९४० च्या दशकात नाहीशी झाली होती आणि १९८१ पासून पुन्हा सोडून वसवली गेली. आपल्याकडे हीच गोष्ट उलट दिशेने झाली; गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि सह्याद्रीचे कडे ओस पडले. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. त्या घळीत मान वर करून पाहताना मला दर वेळी हे आठवते.

ला रोकनंतरचा लार्झाकचा चढ आणि वरची सपाटी हा शर्यतीचा मनाने सर्वांत कठीण भाग. गर्दी विरळ होते, वारा उघडा लागतो, आणि अंतर अजून बरेच उरलेले असते. मी तेथे स्वतःला धरून ठेवण्यासाठी या पठाराची गोष्ट आठवतो. १९७१ मध्ये लष्करी तळ वाढवण्यासाठी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी दहा वर्षे अहिंसेने लढा दिला आणि १९८१ मध्ये तो बेत रद्द झाला. त्यांना उपोषणाचा मार्ग दाखवणाऱ्यांत लांझा देल व्हास्तो होते, जे १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले होते आणि ज्यांना गांधीजींनी शांतिदास हे नाव दिले होते. या पठारावर धावताना अनोळखी देशात असल्यासारखे वाटत नाही, निदान मला तरी.

प्रवासाचे थोडक्यात: माँपेलिएहून मियो सुमारे ११५ किलोमीटर आहे, शेंगेन व्हिसासाठी जुलैतच हालचाल करा, आणि आरोग्यविषयक अट नोंदणीच्या वेळीच पूर्ण करा. चार-पाच दिवस आधी पोहोचलात तर साडेतीन तासांचा फरक आणि थंडी दोन्ही अंगवळणी पडतात. पातळ पण पाणी न शिरणारे जाकीट, हातमोजे, आपत्कालीन चांदी-पत्र्याचे पांघरूण आणि शिट्टी ही बाळगावीतच अशी साधने आहेत. पठारावर पाय मुरगळून बसलेल्या माणसाला दहा मिनिटांत हुडहुडी भरते.

शेवटी दिव्याविषयी, कारण त्याचा विचार फार थोडे जण नीट करतात. पहाटे दोन तास दिवा वापरला की तो पिशवीत जातो आणि विसरला जातो. तेथे त्या दिवसांत सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. तुमचा वेळ तेरा तासांचा असेल तर पुंचोच्या टोकावर तुम्ही संधिप्रकाशात याल. दूरवर मियोचा तो प्रचंड पूल, ज्याची खांब आणि त्यावरचा मनोरा मिळून सर्वाधिक उंची ३४३ मीटर आहे, आणि थेट पायांखाली गावाचे दिवे दिसतील. तेथून खाली झाडीत शिरताच काळोख होतो आणि शर्यतीचा सर्वांत उभा, सर्वांत निसरडा उतार तेथेच सुरू होतो. म्हणून बॅटरीचा दुसरा संच छातीवरच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, आणि ती बदलण्याचे काम मासबियोच्या केंद्रावर, बोटे अजून उबदार असताना, उजेडातच उरकून घ्या.